कानांच्या मधला गेरू

सोलापूर, ३ जून २०२५

चि. बिभीषण,

पाकीट बघून छातीत धस्स करून घेऊ नकोस. माणूस कोणी गेलेलं नाही. माझी मनी गेली. चौदा वर्षांची होती, म्हातारपणानं गेली, माझ्या पायाशी झोपल्या जागी. तुला काय त्याचं, तुझ्याकडं मांजर म्हणजे कोठीतला उंदीर मारायचं अवजार.

फोन का केला नाही म्हणशील. तू मेंढरं हाकतोस त्याच आवाजात फोनवर बोलतोस, मागं कुत्री भुंकतात आणि मधेच गोजाबाई 'वन्सं, वन्सं' करत घुसते. एक शब्द धड कळत नाही. तेव्हा इथून पुढं काय असेल ते लिहून कळवायचं. सातवीपर्यंत शिकलास, ते कुठंतरी कामाला येऊ दे.

काम असं आहे. मला मांजराचं एक पिल्लू पाहिजे. मादी, दोन महिन्यांची, आईचं दूध सुटलेली. इथं मिळत नाही असं नाही, पण इथलं नको. आमच्या मागच्या गल्लीत दीड महिन्यात नऊ मांजरं गेली. उलट्या, जुलाब, तीन दिवसांत खलास. डॉक्टर प्रियदर्शनी म्हणतात, हा साथीचा रोग आहे, एका मांजराचा दुसऱ्याला लागतो, माणसाच्या चपलेला चिकटूनसुद्धा घरात शिरतो. एकदा झाला की नेमकं औषध नाही. आधी टोचून घेतलं असेल तरच वाचतात. हे मी गल्लीत दारोदार जाऊन सांगितलं. एकेक नमुने भेटले! कोणी म्हणतं, मांजराला कुठं सुई असते का मावशी. कोणी म्हणतं, मांजराला नऊ जन्म असतात. खालच्या मजल्यावरची चंद्रिका तेवढी ऐकते. तिची मांजर विणार आहे, पिल्लं झाली की सगळ्यांना टोचून घेईन म्हणाली. माझ्या शब्दावर म्हणाली, हे लक्षात घे.

तर पिल्लू आणशील ते एसटीतून उतरल्यावर सरळ डॉक्टरांकडं न्यायचं. पत्ता खाली देते. तिथं टोचून घ्यायचं, मगच माझ्या घराची पायरी चढायची. न टोचलेलं जनावर मी घरात घेणार नाही.

ह्या वयात मांजर कशाला, असलं विचारू नकोस. माझ्या दाराची बेल जुनी झालीय, आवाजच देत नाही. बेल वाजली की मनी कान टवकारून दाराकडं जायची, वळून माझ्याकडं बघायची, मग मी उठायची. ती गेल्यापासून गॅसवाला दोनदा परत गेला. मागच्या महिन्यात अजिंक्य पुण्याहून आला आणि दारात अर्धा तास उभा राहिला. त्याच्या डोक्यात बसलंय की आईला ऐकू येत नाही. माझे कान ठणठणीत आहेत. पण तो म्हणतो, दिवाळीला हे घर बंद करू, तू आमच्याकडं चल. आठव्या मजल्यावर, सूनबाईच्या वेळेनं जेवायचं आणि बाल्कनीत मांडून ठेवल्यासारखं बसायचं. एकतीस वर्षं शिक्षण खात्यात मी शाळांची हजेरीपत्रकं तपासली, हेडमास्तर माझ्यासमोर घाम पुसायचे. मला कोणी उचलून नेऊ नये. एवढं मांजर आलं की माझं भागतं.

गोजाबाईला आशीर्वाद.

तुझी आक्का
वैजयंती


वाडी, १० जून

आक्काला बिभीषणचा नमस्कार.

पत्र घावलं. गोजाबाईला वाचून दावलं. 'मधीच घुसते' हे वाचल्यापास्नं दोन दिस मला शिळी भाकर मिळतीय. तुझा आशीर्वाद असला असतोय.

मांजर देतो. दोन महिनं हुत आलं, हितल्या मांजरीनं कडब्याच्या गंजीत दोन पिल्लं काढली, दोनी माद्या, दोनी राखाडी. एक मागितलीस तर दोन आणतो. एकलं पिल्लू रडतं. तुला ते ऐकू येणार न्हाय म्हणा, बेलीवानी ते बी जुनं आसंल.

आन् टोचायचं मला शिकवाय लागलीस व्हय? लई झालं की. धा वर्साचा असल्यापास्नं मेंढरं धरतोय. पावसाच्या तोंडाला आंत्रविषाराची लस, मंग देवीची, मंग पीपीआरची. सरकारी डाक्टर येतोय बर्फाची पेटी घिऊन, पर कुटलं टोचलं आन् कुटलं ऱ्हायलं ते मला इचारतोय. एकशे वीस मेंढरात एक चुकत न्हाय. टोचलं की गेरूचा पट्टा, सोडलं. पट्टा नसंल ते धरलं. तू शेरात जाऊन सायबीण झालीस, पर ल्हानपनी डब्यात बोट बुडवून पट्टा तूच वडायचीस. शाळेत जाताना बोटं तांबडी दिसत्यात म्हणून वाळूनं घासायचीस आन् रडायचीस. मला समदं ध्यानात हाय.

मांजराला सुई असती का म्हणणाऱ्याला हिकडं लावून दे. मेंढराला असती तर मांजरानं काय पाप केलंय.

बुधवारी, १८ तारखेला येतो.

बिभीषण


वाडी, १८ जून, सांजच्याला

आक्का,

आत्ताच घरी पोचलो. तुझ्या दारातनं परत आलो म्हणून राग आलाय मला, पर कामाचं आधी लिवतो.

डाक्टरीण बाई चांगली हाय. पोरगी वाटती, पर हात हलका हाय. तिच्याकडं त्या लशीची एकच बाटली ऱ्हायली हुती. पुण्याहून माल यायचाय, धा-बारा दिसांनी येईल म्हणली. एका बाटलीत एकच पिल्लू हुतंय. मंग एकीला टोचलं आन् एक ऱ्हायली. ऱ्हायलेलीला माल आला की न्यायची. आन् टोचलेलीला बी चार आठवड्यानं परत एकदा टोचायची, एका सुईत काम भागत न्हाय म्हणली. बाईनं तिच्या वहीत लिवलं, 'राखाडी, मादी, दोन महिने'. दोनीबी तशाच. म्या म्हणलं बाई, असं लिवून वळखायचं कसं? ती हसली. म्हणून म्या आपली खूण केली. टोचलेलीच्या डोक्यावर, दोन कानांच्या मधी, गेरूचं बोट वडलंय. मांजर अंग चाटतं, पर जीभ तितं पोचत न्हाय. गेरूची पुडी खिशात असतीच. तुला ह्यातलं काय सांगाय नगं, पर तुझं वय झालंय म्हणून लिवतो.

आता बेलीचं. चार येळा वाजवली. यवढ्या मोठ्यानं वाजती की खालची चंद्रिकाबाई पीठ लागलेल्या हातानं वर आली. तू आत हुतीस, खिडकीतनं तुझा पंखा फिरताना दिसत हुता. शेवटची गाडी गाठायची हुती, म्हणून पिल्लांची पाटी तिच्याजवळ दिली आन् आलो. बहिणीच्या दारात येऊन पाणी बी पिलो न्हाय.

बिभीषण


सोलापूर, १९ जून

बिभीषण,

काय म्हणावं तुला! सांगोल्याहून इथवर आलास आणि पाटी शेजारणीकडं टाकून पळालास. बेल वाजवायची असते, एवढीही अक्कल नाही? मी दिवसभर घरात होते. चंद्रिका म्हणते की तू वाजवलीस. तिला सगळ्यांचीच बाजू घ्यायची सवय आहे.

एक मागितली तर दोन आणल्यास. ठीक आहे, झाल्या. एकीचं नाव ठेवलं ठकी, दुसरीचं चिमी. पण त्या आल्या कशा! अंगाला लेंड्यांचा वास, आणि एकीच्या टाळक्यावर गेरू. बाबा रे, वाड्यावरची ती तुमची सवय आता तरी सोडा. दिसेल त्याला गेरू फासायचा. एकीला फासला आणि दुसरीच्या वेळी पुडी संपली वाटतं. माझ्या घरात पांढऱ्या चादरी आहेत. उंबऱ्याच्या आत घेतल्यावर पहिलं काम केलं ते दोघींना कोमट पाण्यानं आंघोळ घातली. पाच दिवसांनी आलेलं पाणी, ते तुझ्या मांजरांवर ओतलं! शाम्पू लावून टाळकं तीनदा घासलं तेव्हा तो रंग गेला. आता दोघी कशा स्वच्छ, एकीसारखी एक. मलाच कळत नाही ठकी कुठली आणि चिमी कुठली.

दोघींना टोचलंस ना? डॉक्टरांचा कागद पाटीत सापडला नाही. कागद सांभाळणं तुम्हा लोकांना कधी जमलेलंच नाही.

आक्का


वाडी, २५ जून

आक्का,

तुझं पत्र आन् माझं पत्र वाटंत एकमेकाला भेटलं आसंल आन् हसलं आसंल.

धुतलास! व्हय गं सायबीण, धुतलास! तीनदा घासलास! मेंढराच्या पाठीवरचा पट्टा कुणी धुतलाय का आजवर? जिनं सोता बोटानं पट्टं वडलं, तिला त्या खुणेचा अर्थ इचारायची गरज पडली न्हाय, सरळ शाम्पू. तुमा लोकास्नी खूण म्हणजे घाण वाटती. कागुद मात्र पायजे. कागदावर काय लिवलंय? राखाडी, मादी. घे, वळख.

आता नीट वाच. इचार करत बसू नगं. माल आला की दोघींलाबी घिऊन जा आन् डाक्टरीणबाईला सांग, माझ्या हातनं खूण गेली, दोघींला टोचा. परत टोचलं म्हणून मेंढरू मरत न्हाय, न टोचलं तर मरतं. तवर दोघींला घरातनं भाईर सोडू नगं. न्हाय तर मला सांग, म्या येतो. एकशे वीस मेंढरांची तोंडं वळखतो, दोन मांजरं म्हणजे काय.

बिभीषण


सोलापूर, ३० जून

बिभीषण,

तुझं पत्र वाचलं. भाषा जरा सांभाळून वापर. मी तुझ्याहून सात वर्षांनी मोठी आहे.

प्रकरण मी निकालात काढलेलं आहे. तू यायची गरज नाही. सुई घेतली की पिल्लू एक दिवस मलूल असतं, हे डॉक्टरांनीच मला आधी सांगितलं होतं. पहिल्या रात्री एक पिल्लू नुसतं निपचित पडून होतं, दूधसुद्धा प्यायलं नाही. दुसरं पडद्यावर चढत होतं. म्हणजे जे पडून होतं त्यालाच टोचलेलं, हे शेंबडं पोरगंही सांगेल. दुसऱ्या दिवशी तुला पत्र टाकून आल्यावर, दोघींत फरक कळावा म्हणून मी त्या मलूल पिल्लाच्याच गळ्यात हिरवी फीत बांधली होती. ती चिमी. उरलेली ठकी. परवा माल आला, मी ठकीला नेलं, टोचून आणलं. संपला विषय.

दोघींना टोचा म्हणून सांग, म्हणतोस. कोणाला सांगू? त्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मुलीला? मी आंघोळ घातली आणि कोण कुठली ते विसरले, असं? गल्लीभर लस लस करत फिरणारी बाई मी. लोकांच्या नोंदी चुकल्या म्हणून मी आयुष्यभर तांबडी शाई वापरली. ते तुला नाही कळायचं.

आणि खरी बातमी ऐक. चिमीला बेल कळते! कोणी शिकवलं नाही. बेल वाजली की कान उभे करते, दारापर्यंत जाते आणि वळून माझ्याकडं बघते. अगदी मनीसारखी. रविवारी अजिंक्य न सांगता आला, मला पकडायलाच आला असणार. मी दुसऱ्या बेलला दार उघडलं. त्याचं तोंड बघायला हवं होतंस. पुण्याचं नाव न काढता दोन वेळा पोहे खाऊन गेला. चिमीला मी आता जिन्यात सोडते, खालपर्यंत जाऊन येते. टोचलेली आहे, काय बिघडतंय. ठकी नुसती लोळते आणि खाते. बेलच्या आवाजानं तिची शेपटीसुद्धा हलत नाही. ती तुझ्यावर गेलीय.

चंद्रिकाची मांजर व्याली. पाच पिल्लं.

आक्का


वाडी, ८ जुलै

आक्का,

उलटं केलंस.

मलूल पडली ती टोचल्यानं न्हवं. तिला गाडी लागली हुती. मंगळवेढ्याच्या फुडं दोनदा ओकली, माझं धोतर भरलं. ते म्या लिवलं न्हाय, तुला किळस येती म्हणून. टोचलेली हुती ती डाक्टरीणबाईच्या टेबलावर बी उड्या मारत हुती, सुई काढताच तिनं माझ्या अंगठ्याला चावा घेतला. पडद्यावर चढणारी, लोळणारी, खाणारी ठकी, तिला टोचलं हुतं. तिलाच परत टोचलंस. तिला लई बेस झालं. चिमीला कायच टोचलेलं न्हाय.

चिमीला घरात घे. दार लाव. पत्र वाचता वाचता उठ आन् दार लाव. मंग तशीच तिला डाक्टराकडं ने. लाज वाटली तर माझं नाव सांग, म्हण माझ्या अडाणी भावानं घोळ घातला. मला चालतंय.

सात येळा फोन केला. तू उचलत न्हाईस. चंद्रिकाबाईचा नंबर घेतला असता तर बरं झालं असतं, माझं बी डोस्कं चाललं न्हाय.

बिभीषण


सोलापूर, २४ जुलै

प्रिय बिभीषण,

चिमी गेली. १७ तारखेला, दुपारी.

तुझं पत्र शनिवारी आलं होतं. मी ते दोन दिवस उघडलं नाही. काय असणार, शिव्या असणार, म्हणून फ्रीजवर ठेवून दिलं. रविवारी चिमीनं दूध सोडलं. सोमवारी सकाळी तिनं पिवळी उलटी केली, तेव्हा मी पत्र उघडलं. 'पत्र वाचता वाचता उठ' असं तू लिहिलंयस. मी उठले रे, पण दार लावून काय करायचं होतं.

डॉक्टर प्रियदर्शनीनं हातातलं सगळं केलं. तीन दिवस सलाइन लावलं. चिमी एवढीशी होती, सुईसाठी पायात शीर सापडत नव्हती. मी तिथंच स्टुलावर बसून होते. तिसऱ्या दिवशी तिथल्या दाराची बेल वाजली. मला ऐकू आली नाही. चिमीचे कान उभे राहिले म्हणून मला कळलं. तिला मान उचलता येत नव्हती, तरी तिनं डोळे फिरवून माझ्याकडं बघितलं. मी तिला म्हणाले, बघते गं मी, तू पड. त्यानंतर तासाभरात ती गेली.

तेव्हासुद्धा मी बोलले नाही, बिभीषण. डॉक्टर वही उघडून बसली आणि म्हणाली, "काकू, हिला तर पहिला डोस झालेला होता, मग असं कसं? माझ्या फ्रीजमध्ये काही बिघाड झाला की काय?" तिचं तोंड एवढंसं झालं होतं. आणि मी, एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर तांबडी शाई ओढणारी, पर्समधला रुमाल शोधत बसले. ती मुलगी स्वतःला दोष देत राहिली आणि मी देऊ दिला.

घरी आले तर बातमी माझ्या आधी पोचलेली. गल्लीत एकच चर्चा. वैजयंतीबाईंनी टोचून घेतलं तरी मांजर मेलंच की! मग कशाला ते थेर? मधल्या काळात ज्या तीन घरांनी हो म्हटलं होतं ती तिन्ही फिरली. आणि चंद्रिका वर आली. तिनं माझ्यासमोर वाटीत शेंगाची चटणी आणि भाकरी ठेवली, मी सकाळपासून जेवले नाही हे तिला माहीत. ती ओरडून बोलत नाही, समोर बसून सावकाश तोंड हलवते, म्हणून तिचं मला सगळं कळतं. हे माझ्या आत्ता ध्यानात आलं. दोन वर्षं ती तसं बोलते आणि मी समजत होते की तिला मराठी नीट येत नाही म्हणून ती सावकाश बोलते. म्हणाली, "मावशी, माझ्या पिल्लांना नाही टोचत मी. तुमची टोचून मेली. माझी अशीच जगली तर जगतील."

पाच पिल्लं, बिभीषण. डोळे उघडून आता जिन्यात यायला लागलीत. ज्या जिन्यात मी चिमीला सोडत होते त्याच.

रात्र कशी गेली ते लिहीत नाही. सकाळी पदर खोचला आणि खाली गेले. चंद्रिकाला सांगितलं की चिमीला टोचलेलंच नव्हतं. माझ्या भावानं खूण केली होती, ती मी घाण म्हणून धुतली. मग अंदाजानं ठरवलं, चुकीचं ठरवलं आणि लाजेपोटी विचारलं नाही. जिला दोनदा टोचलं ती ठकी वर लोळतेय, त्याच घरात, त्याच भांड्यात खाऊन. तिला काही झालेलं नाही, ये आणि बघ. ती आली. ठकीला उचलून तिनं तोंड बघितलं, पोट बघितलं. मग मला म्हणाली, "हे तुम्ही गल्लीत सगळ्यांना सांगाल?"

सांगितलं. अकरा दारं केली. ज्या तोंडानं त्यांना अडाणी म्हणाले होते त्याच तोंडानं सांगितलं. दोघीतिघी हसल्या. एक म्हणाली, शिकलेल्या बायकांचं हे असं असतं. मी ऐकून घेतलं. म्हणजे ऐकू आलं नाही, पण कळलं. शेवटी दवाखान्यात गेले. डॉक्टरला म्हटलं, तुझा फ्रीज चांगला आहे, तुझी लस चांगली आहे, मी खोटी आहे. तिला रडू फुटलं. मलाही.

आणि हे तुझ्यासाठी. बेल चांगली आहे. तू चार वेळा वाजवलीस म्हणतोस म्हणजे चार वेळा वाजली. दोन वर्षांपासून मला ऐकू येत नाही. फोनवर तू ओरडत नव्हतास, मलाच काही कळत नव्हतं. म्हणून मी पत्रं मागितली. मी दार उघडलं असतं तर तू पाणी प्यायला असतास, पिल्लं हातात देताना सांगितलं असतंस, आणि चिमी जगली असती. अजिंक्यलाही लिहिलंय. म्हटलं, पुण्याला नेऊ नकोस, कानाच्या डॉक्टरकडं ने.

येत्या महिन्याच्या चार तारखेला, सोमवारी, डॉक्टर प्रियदर्शनी स्वतः पेटी घेऊन आमच्या जिन्यात येणार आहे. चंद्रिकाची पाच आणि गल्लीतली आणखी सात. चंद्रिकाची पाचही राखाडी आहेत, सगळी एकसारखी. वहीत लिहून भागणार नाही. तेव्हा गेरूची पुडी पाठव. पोस्टानं येत असेल तर दोन पाठव.

तुझी
आक्का


वाडी, २९ जुलै

आक्का,

पत्र गोजाबाईला वाचून दावलं. तिनं माझ्या हातातनं घेतलं आन् चुलीम्होरं बसून परत वाचलं. मंग म्हणली, वन्संला म्हणावं, यवढं बोलाय लई काळीज लागतं. म्या म्हणलं, काळीज न्हाय, डोस्कं लागतं, ते तिला साठीच्या फुडं आलं. पर तिचं म्हणणं लिवलंय.

चिमीचं वाईट वाटलं. गाडी लागली तवा धोतरात तोंड खुपसून झोपली हुती ती. धोतर धुतलं, पर डाग ऱ्हायलाय.

गेरू पोस्टानं पाठवत न्हाय. घिऊन येतोय, चार तारखेला, पैल्या गाडीनं. बारा मांजरं धरायची म्हणजे तुमा शेरातल्या बायकांचं काम न्हवं, बोचकारत्यात. डाक्टरीणबाई टोचंल, धरायचं म्या. पट्टा तू वडायचा. कानांच्या मधी, बोटभर, जास्ती न्हाय. बोटं तांबडी व्हत्याल. ह्या बारीला वाळूनं घासू नगंस.

बेल वाजवणार न्हाय. कडी काढून ठेव.

बिभीषण